कडवट, पण छान

क्षिप्रा : चार हॉटेलं झाली, बाबा. वाशीत दोन, पामबीचला एक, आणि आज हे बेलापूरचं. चारही ठिकाणी तुम्ही बिअरचा ग्लास उजेडाला धरलात आणि खाली ठेवलात. घोट एकदाही घेतला नाहीत.

जयप्रकाश : स्वच्छ होती.

क्षिप्रा : मग स्वच्छ असणं वाईट का?

जयप्रकाश : आपल्याला हवी ती अशी नसते. तूच सांगितलंस ना, सुयशच्या त्या लीड्सच्या पबात पिंपातून हातपंपाने ओढून देतात म्हणून. गॅस नाही, फार गार नाही.

क्षिप्रा : ती रिअल एल नावाची बिअर, बाबा. ती तिकडे. इथे हॉटेलवाले स्वतः बनवतात, ताजी असते, पण गाळलेली आणि थंडगार. आज तुम्ही त्या मॅनेजरला विचारलंत, "खाली काही बसतं का?" त्याला वाटलं कम्प्लेंट आहे. बिचारा ग्लास बदलून घेऊन आला.

जयप्रकाश : दोनदा आणला.

क्षिप्रा : आणि सासरा-सून भरदुपारी बिअर प्यायला बसलेत म्हणून शेजारचं टेबल बघत होतं, ते वेगळंच.

जयप्रकाश : बघू देत. कल्पेश, खारघरला एक आहे म्हणालास ना? गाडी तिकडे घे.

कल्पेश : घेतो की. पन काका, एक बोलू? राग नका मानू.

जयप्रकाश : बोल.

कल्पेश : चार दिवस झालं, मी तुमाला टॅक्सीतून फिरवतोय. पिनारा मानूस मना लगेच कळतो. तुमी पिनारं नाय. मग शोधताय काय नक्की?

जयप्रकाश : माझा मुलगा गेला. रविवारी वर्षश्राद्ध आहे. त्याला या बिअरचं वेड होतं.

कल्पेश : मंग बरोबर हाय. आमच्यात पन ठेवतात. मेलेल्या मानसाला जे आवडायचं ते पानावर ठेवायचं, त्यात लाजायचं काय?

जयप्रकाश : पानावर नाही ठेवायची. मला प्यायची आहे.

क्षिप्रा : तुम्हाला? मला तर म्हणालात श्राद्धाला हवीय.

जयप्रकाश : श्राद्धाच्या आधी हवीय. पण गाळवाली. तळाशी पांढरट गाळ बसतो, ती.

कल्पेश : गाळ होय! मंग हाटेलात कशाला जाताय? माडी प्या. माजी आजी रखमा बोनकोड्याला माडी विकायची. मडक्याच्या तळाला गाळ नसला त लोक घेत नसत. बोलायचे, रखमे, यात पानी टाकलंस. गाळ हाय म्हंजे माल खरा हाय, जिता हाय.

जयप्रकाश : खराब नसतो तो?

कल्पेश : खराब कसा असंल? त्यानंच त माडी चढते.

जयप्रकाश : गाडी बाजूला घे जरा.

क्षिप्रा : बाबा? काय होतंय? पाणी देऊ?

जयप्रकाश : काही नाही होत. बस तू. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला सुयश आला होता, तेव्हा त्याने मला एक बाटली दिली होती.

क्षिप्रा : माहितीय. घरी बनवलेली त्याची पहिली. माझ्या सगळ्या साड्यांत गुंडाळून आणली होती.

जयप्रकाश : मला म्हणाला, "बाबा, मी गेल्यावर प्या, निवांत. समोर बसून प्यायला लाजाल." तुम्ही विमानात बसलात त्या दिवशी मी ती कपाटातून काढली. ट्यूबसमोर धरली. तुला माहीत आहे, तुर्भ्याला औषधांच्या कंपनीत अडतीस वर्षं मी इंजेक्शनच्या बाटल्या तपासल्या. उजेडाला धरायची, उलटी करायची, आत कणभर काही हललं की रिजेक्टच्या ट्रेमध्ये. ही उलटी केली आणि तळाचा सगळा गाळ वर आला.

क्षिप्रा : आणि?

जयप्रकाश : बेसिनमध्ये ओतली. वरून नळ सोडला.

क्षिप्रा : नाही. नाही, बाबा. तो तर सगळ्यांना सांगत होता, माझ्या वडिलांनी आयुष्यात हात लावला नाही आणि माझी अख्खी बाटली प्यायले. पबात सांगायचा. ऑफिसात सांगायचा.

जयप्रकाश : मीच सांगितलं त्याला तसं. दुसऱ्या दिवशी फोन आला. प्रवासात खराब झाली म्हटलं असतं तर हिरमुसला असता पोरगा. म्हणून म्हटलं, प्यायलो.

क्षिप्रा : तीन महिने लागले होते त्याला. आमच्या त्या एवढ्याशा किचनमध्ये मला पाय ठेवायला जागा नव्हती. आणि तुम्ही नळ सोडलात.

जयप्रकाश : हो.

क्षिप्रा : तो गाळ म्हणजे यीस्ट असतं. जिवंत असतं ते. बाटली बंद केली तरी आत त्याचं काम चालू असतं. पुढची लावायला त्यातलंच वापरतात, आपण दह्याचं विरजण ठेवतो ना, तसं. कुणाला तरी विचारायचं होतंत, बाबा. मला विचारायचं.

जयप्रकाश : चुकलं माझं. आता एकदा तरी तशी पिऊन बघायची आहे, म्हणजे त्याच्याशी बोललो ते खोटं राहणार नाही. रविवारी त्याच्या नावाने पाणी सोडायचं, हातात हे खोटं घेऊन सोडवत नाही गं मला.

कल्पेश : काका, पानी घ्या. ताई, तुमी पन घ्या.

क्षिप्रा : काय म्हणाला होतात त्याला? नक्की शब्द काय होते?

जयप्रकाश : कशी होती विचारलं त्याने. मी म्हटलं, कडवट होती, पण छान.

क्षिप्रा : कडवट?

जयप्रकाश : बिअर कडू असते एवढं ऐकून होतो.

क्षिप्रा : बाबा, ती कडवट नव्हती. तुम्ही कारल्याला हात लावत नाही म्हणून कडूपणासाठी घालतात ती हॉप्सची फुलं त्याने नावाला घातली होती. कोल्हापुरी गूळ घातला होता. मी चाखलीय ना. कुणालाच ती कडू लागली नसती.

जयप्रकाश : म्हणजे त्याला कळलं होतं.

क्षिप्रा : त्याच दिवशी कळलं असणार. तरी सगळ्यांना सांगत राहिला.

जयप्रकाश : बोलला नाही कधी.

क्षिप्रा : मलाही नाही. गेल्या वर्षी दुसरी केली, सहा बाटल्या. तोंडात धरवेना इतकी कडू. मी म्हटलं, अरे, काय केलंस हे? तर हसला नुसता. म्हणाला, "बाबांना अशीच आवडते." मी त्याला वेड्यात काढलं. त्यानंतर दोन महिन्यांत सायकलवरून कामाला निघाला आणि...

जयप्रकाश : राहू दे, बाळा. नको बोलूस.

क्षिप्रा : पाच बाटल्या त्याच्या मित्रांनी पबात प्यायल्या, फ्युनरलनंतर. सहावी मी घेऊन आले. घरात आहे, माझ्या बॅगेत.

जयप्रकाश : आपल्या घरात? आणि आपण चार दिवस वणवण करतोय?

क्षिप्रा : मला ती द्यायची नव्हती. त्याच्या हातचं तेवढंच उरलंय. तुम्ही शोधायला निघालात तेव्हा वाटलं, बरं झालं, दुसरीकडे कुठेतरी मिळेल.

जयप्रकाश : मग ठेव. तुझी आहे ती.

क्षिप्रा : माझी नाही, बाबा. तिच्यावर तुमचं नाव आहे. कल्पेश, खारघर नको. सीवूड्सला घे, घरी.

(सीवूड्सचा फ्लॅट. स्वयंपाकघर. सूर्य अजून मावळलेला नाही.)

जयप्रकाश : नंदिनी कधी येईल?

क्षिप्रा : आई मंडळातून सातला येतील. बसा. हे लेबल बघा आधी.

जयप्रकाश : चष्मा गाडीत राहिला वाटतं. तू वाच.

क्षिप्रा : "बाबांची. कडवट, पण छान." खाली तारीख आहे.

जयप्रकाश : अक्षर तसंच का अजून? शाळेत बाई ओरडायच्या.

क्षिप्रा : तसंच. उजेडाला धरायचीय?

जयप्रकाश : नको. ओत.

क्षिप्रा : असे स्टीलचे पेले बघून ओरडला असता. तिकडे ग्लास नुसता ओला असला तरी चालायचा नाही त्याला. घ्या. सावकाश.

जयप्रकाश : तुलाही घे.

क्षिप्रा : घेते. कशी आहे?

जयप्रकाश : कडवट आहे.

क्षिप्रा : खूप?

जयप्रकाश : खूप.

क्षिप्रा : बाबा, पुसा डोळे. पुढे काय म्हणायचं असतं?

जयप्रकाश : छान आहे. त्याला सांग... छान आहे.

क्षिप्रा : तळाशी थोडी राहिलीय. सगळा गाळच आहे. ओतू?

जयप्रकाश : नको. विरजणापुरती ठेव.