काळा चार्जर

गीताबाई : ...म्हणून म्हणतो भोजराज, आता चार्जरसाठी नागपूरले चकरा मारू नको. भेटला मले.

भोजराज : भेटला? काकू, तुमच्या बॅटरीवाल्या गाडीची कंपनीच बंद पडली, त्या पिनचा चार्जर येत नाही. दोन महिने झाले, सारी दुकानं पालथी घातली मी. तुम्हाले पवनीत कोठी भेटला?

गीताबाई : घरातच. गाडीसंगं आला होता नं, तोच. लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवला होता. तूच त म्हणे, काकू, जुना पार्ट फेकू नका, मांगून भेटत नाही.

भोजराज : तो काळा? जड?

गीताबाई : हो. पिन अशी बसली, जशी त्याचीच. कोष्ट्याच्या घरी काही फेकत नाहीत बापा. मामंजीचा धोटा माझ्या मागावर वीस वर्षं चालला.

भोजराज : काकू, लावला काय तुम्ही तो?

गीताबाई : सकाळीच लावला. तू नव्या बॅटरीसंगं देलेला त जळला नं.

भोजराज : आधी मेन स्विच पाडा.

गीताबाई : काहून?

भोजराज : पाडा म्हणतो नं! मंग सांगतो.

गीताबाई : पाडला. पंखा बंद झाला आमचा.

भोजराज : तो चार्जर जुन्या बॅटरीचा आहे. मी दुसऱ्या जातीची बॅटरी बसवली. तिले तो जास्त व्होल्टेज देते. तापून पेट घेते ती. गाडी कोठी आहे?

गीताबाई : मागाच्या खोलीत. यायच्या खाटेजवळ.

भोजराज : काकांच्या?

गीताबाई : बटन तिथंच आहे, कोठी नेऊ? ...भोजराज, वास येऊन राहिला. सुनेच्या नेलपॉलिशसारखा.

भोजराज : तो बॅटरीचा वास आहे. आतून फुटून राहिली ती.

गीताबाई : मंग काय करू?

भोजराज : काकांना बाहेर काढा.

गीताबाई : गाडीच काढतो, चाकं आहेत तिले.

भोजराज : गाडीले हात लावू नका! शेजारचं कोणी बोलवा.

गीताबाई : आळीत कोणी नाही. सारे धानाच्या रोवण्याले गेले. सून दामिनी बी गेली. अन् यायचं उजवं अंग त लुळं.

भोजराज : गोधडीसकट खाली घ्या. डोक्याकडून धरा, मांगं मांगं ओढा. फोन चालू ठेवा.

गीताबाई : कमरेले खोचतो. अहो, उठा. चला.

श्यामराव : गा... गाडी.

गीताबाई : गाडी मरू द्या! धड होते तवा साऱ्या पवनीत बिनआवाजाची फिरवली तुम्ही, पोरं मांगं पळत होती, पाहिलं मी. आता माझ्या गळ्यात हात टाका. डावा. टाका नं!

(फोन चालूच. धपकन पडल्याचा आवाज. मग फरशीवर गोधडी घासत जाते, थांबते, पुन्हा घासते.)

भोजराज : काकू? ...काकू, आवाज द्या नं.

गीताबाई : निघालो. लिंबाखाली आहो.

भोजराज : काका?

गीताबाई : उंबरठ्यावर कोपर खरचटलं. बसवलं खोडाले टेकून.

भोजराज : आणखी दूर व्हा. बंद केली तरी आतून तापतच राहते ती. पाणी टाकाले जाऊ नका. मी फायरवाल्याइले फोन लावतो अन् निघतो.

गीताबाई : माझंच चुकलं रे.

भोजराज : माझं चुकलं काकू. जुना ठेवा म्हटलं, लावू नका, हे नाही म्हटलं. धूर दिसते काय?

गीताबाई : बारीक आहे. उदबत्तीवानी. भोजराज, मागावर पातळ आहे. हातभरच राहिलं विणाचं. कातरीनं कापून आणतो मी.

भोजराज : नाही!

गीताबाई : दोन मिनिटं लागन.

भोजराज : काकू, नाही म्हणतो नं! ...काकू? आत गेल्या काय?

गीताबाई : कशी जाऊ? यायनं पदर धरला. सोडूनच नाही राहिले.