शिंदीवालीचं उद्यापन

हसू नका, पण परमुलखात जाऊन शिंदीचं घर पाहिलेली आपल्यात मीच एकटी असेन. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात, अन् ओढ्यापलीकडं इंग्रजांचा मुलूख. आमचे हे रोज ओढा ओलांडून शिंदी प्यायला जात, अन् आल्यावर लेकरांवर हात उगारत. शेवटी एका सोमवारी मीच निघाले. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, "कुठं निघालात, बाई?"

उपासाच्या दिवशी खोटं कसं बोलायचं? म्हटलं, "शिंदीवाल्याकडं." तो वाटेतून बाजूला झाला.

घर लहान, पण लख्ख सारवलेलं. म्हातारा झाडावरून भरली मडकी उतरवत होता, सून रिकामी धूत होती. मला बघून तिनं पाट मांडला. "दोन घास खाऊन जावा, ताई."

"सोमवार आहे माझा. ओढ्यापल्याडून रोज येतात ते आमचे मालक; त्यांची शिंदी सुटावी म्हणून सोळा धरलेत. त्यांना तेवढी देऊ नका, पाया पडते."

ती हरखली. "व्हय? माझेबी सोळा सोमवारच चालल्यात की!"

"तुझे कशासाठी गं?"

तिनं मान खाली घातली. "धंदा चालावा म्हणून. चार लेकरं हायत, ताई. तुमच्या मालकांवानी रोजचं गिऱ्हाईक दुसरं न्हाय."

तिच्याच देव्हाऱ्यात दोघींनी बेल वाहिला. नावं तरी कुणाला ठेवायची?

पुढं काही महिन्यांनी हे झोकांड्या खात आले अन् म्हणाले, "शिंदीवालीचं उद्यापन आहे. तुला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंय."

माझा तो एकविसावा सोमवार होता.