जगासाठी राबणारा कॉम्प्युटर

भाईंदरच्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात वासंती आपली तक्रार घेऊन रांगेत उभी होती. पण पुढचे राई गावचे काका काउंटरवरच्या मुलीसमोरून हलतील तर शपथ!

"पोरी, हे नेट हाय का चेष्टा? माझा कॉम्प्युटर दिवसभर शास्त्रज्ञांसाठी राबतो. कॅन्सरच्या औषधाची गणितं सोडवतो. जगभरचे लोक असे आपापले कॉम्प्युटर देतात. मी पण दिलाय. फुकट!"

"छान काका. मग प्रॉब्लेम काय आहे?"

"गणित सुटतं, पण उत्तर पुढं जात न्हाय. चार दिवस अडकलंय. तुम्हाला त्याचं काय? तुम्ही नुसती बिलं फाडा."

"लाइन तर बरोबर दाखवतेय. वाय-फायचा डबा चालू असतो ना?"

"सकाळी बातम्या बघेपर्यंत असतो. मग मी प्लग काढतो."

"अहो, तेवढ्या वेळात एवढं मोठं उत्तर जाणार कसं? आणि काढता कशाला?"

"वर भावजय राहते. तिला पासवर्ड ठाऊक हाय."

"मग बदला ना पासवर्ड."

"बदलला की परत मागायला येणार. प्लग काढला की नेटच न्हाय, असं तोंडावर सांगता येतं."

"एवढं काय करतात त्या नेटवर?"

"डॉक्टरला रिपोर्ट पाठवते, म्हणे."

"कसले रिपोर्ट?"

"कॅन्सरचे. ते जाऊ दे गं, माझं उत्तर कधी जाणार ते बोल."