मधल्या भिंतीवरच्या तुळया

भूमच्या एस.टी. स्टँडवर रांगेत पुढं उभ्या असलेल्या म्हातारीच्या कोपराला पांढरी माती लागली होती. कडेनं वाळून तडकलेली, मध्ये अजून ओली. दवाखान्यातली शरणम्मा नर्स ती निरखत होती, तेवढ्यात म्हातारीची शेजारीण बोलली.

“इरम्माकाकी, उद्या आमची माडी सुरू होतेय.”

“मधल्या भिंतीवर तुळया ठेवायला म्या अजून व्हय म्हणलं न्हाय, खैरुनबी.”

“पाडव्यापासनं इचारतेय, तुमी हां बी म्हणंनात आन् न्हाय बी म्हणंनात. आता आमी आमच्याच जागेत दुसरी भिंत घालतो.”

“माझ्या भिंतीला चिकटून?”

“व्हय. खोली हातभर बारकी हुईल. माझी लेक गुलबानो मास्तरीण होऊन येतेय, तिला तेवढी बी पुरंल.”

“आन् गाव काय म्हणंल? आमच्या मालकानं बांधलेली भिंत माडी पेलंना?”

“तसं कोण म्हणतंय, काकी?”

“समदे म्हणतील! निजाम गेला, पर त्या भिंतीला चीर पडली न्हाय. सकाळीच लिंपून आले म्या.”

“भिंत भक्कम हाय म्हणून तर इतके दिवस इचारलं.”

“मग दुसरी कशाला? गवंड्याला सांग, तुळया माझ्याच भिंतीवर ठेव.”