तीन शोधनिबंधांचा चिमटा

दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत शिवणकामवाल्या काकू गाल धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर सुजल्या गालाचे एक प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी. कुजबुज सगळी ऐकू येत होती.

"सर, आपल्या ऑक्साइडच्या थरातलं चुंबकत्व गेलं."

"गेलं म्हणजे? तीन वर्षं चांगलं होतं की!"

"या वेळी थर प्लॅस्टिकच्या चिमट्यानं उचलला. स्टीलच्या चिमट्याचं लोखंड कडेला लागत होतं, सर. चुंबकत्व त्याचंच होतं."

"नसते उद्योग सांगितले होते कोणी?"

"जुना चिमटा हरवला."

"हरवला? अगं, तीन शोधनिबंध आहेत त्याच्यावर!"

"थरावर, सर."

"तेच ते! इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणारी कॉम्प्युटरची मेमरी बनवणार म्हणून पेपरात फोटो आलाय माझा. परवा पाहुण्यांसमोर चुंबकत्व मोजून दाखवायचंय."

"आणि माझा प्रबंध?"

"तू गप्प बसलीस, तर होईल पुरा."

तेवढ्यात सरांचा नंबर आला. ते गाल धरून आत गेले. दार लोटलेलंच होतं.

"दात राहू द्या, डॉक्टर. तो ट्रेमधला चिमटा स्टीलचाच आहे ना? दोन दिवसांसाठी द्याल?"