पंपाचा ओव्हरटाइम

सोलरचं कौतुक मला नका सांगू! आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच्याच पाण्यानं नव्या जावयाला गारठवलंय.

नव्वदीतली गोष्ट. नवीन पनवेलच्या घरावर आम्ही पाणी तापवायचा सोलर बसवला होता. गच्चीवरचं पॅनल टाकीतल्या पाण्यापेक्षा जास्त तापलं की कंट्रोलरचा डबा पाणी फिरवणारा पंप चालू करायचा आणि ऊन उतरलं की बंद. नाना रिटायर्ड हेडक्लार्क. पंप थांबला की चिडायचे, "पाच वाजले की पळाला कामचुकार!"

नणंदेचा पहिला दिवाळसण आला. जावईबापूंना गरम पाणी कमी पडायला नको, म्हणून नानांनी आदल्या संध्याकाळीच डब्याचं बटण फिरवून पंप रात्रभर चालू ठेवला.

पहाटे जावईबापू तेल-उटणं लावून पाटावर बसले, पहिला तांब्या अंगावर घेतला आणि किंचाळले.

"नाना," ते कुडकुडत म्हणाले, "रात्रभर टाकीतलं पाणी थंड पॅनलमधून फिरवलंत. सगळी ऊब आभाळाला दिलीत!"

"अहो, पण मी त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेतला!"

सासूबाईंनी गॅसवर पातेलं चढवलं. "काम संपलं की गप्प बसावं, हे त्या डब्यालासुद्धा कळतं. तुम्हाला रिटायर होऊन चार वर्षं झाली!"