विकणाऱ्याला होल्ड, घेणाऱ्याला चहा

लग्नाला तीन महिने झाले. भांडुपला सासरी मी 'फार शांत मुलगी' म्हणून प्रसिद्ध होते. ती प्रसिद्धी कशी गेली ते ऐका.

माझ्या नवऱ्याने, निखिलने, लहानपणी बाबांनी दिलेलं क्रिकेट कार्ड अंधेरीच्या एका लिलाववाल्यांकडे विकायला दिलं आणि दुसऱ्याच दिवशी पस्तावला. परत मागायला रोज फोन, रोज तेच उत्तर, "सर, चेक करून कळवतो." असा महिना गेला.

शेवटी मी फोन केला. "ते कार्ड मला विकत घ्यायचंय."

"मॅडम, समोरच आहे! कधी येताय? चहा की कॉफी?"

"चहा. दोन कप. ज्याचं कार्ड आहे तोही येतोय."

संध्याकाळी कार्ड घरी आलं. सासूबाई निखिलला हळूच म्हणाल्या, "शांत मुलगी बघून केली होती ना रे आपण?"